टाकीची मोटर, मालदाची पोरं आणि वळिवड्याचा कॅम्प

पंचगंगाकाठ (धागाकर्ता) | रविवार, सकाळी ११:१०

बरेच दिवस लिहू की नको चाललं होतं. आज लिहून टाकतो.

आमची सोसायटी अठरा फ्लॅटची, राजारामपुरीच्या मागच्या अंगाला. पंधरा दिवसांपूर्वी सकाळी नळाला पाणी नाही. वॉचमन खाली बघून आला आणि म्हणाला, टाकीची मोटर जागेवर नाही. पाऊण तासात ग्रुपवर सत्तरच्या वर मेसेज. पहिला "मोटर चोरीला गेली". पाचवा की सहावा "शेजारच्या बैठ्या घरात ते बांगलादेशी राहतात ना?" त्यानंतर मोटर कुणीच शोधली नाही.

ते 'बांगलादेशी' म्हणजे चार पोरं. मूळची पश्चिम बंगालमधल्या मालदा जिल्ह्याची, फरशी बसवणारी. आमच्याच सोसायटीत दोन फ्लॅटचं काम चालू होतं त्यांचं. त्यातल्या एकाचं वय एकोणीस. माझ्या घरी पाणी मागायला यायचा आणि चपला जिन्याच्या पहिल्या पायरीवर काढून यायचा. मी दुसऱ्या मजल्यावर राहतो.

आधार कार्डं दाखवली त्यांनी. त्यावर ग्रुपवर उत्तर, "आधार काय, कुठंबी मिळतंय." कुणीतरी एक व्हिडिओ टाकला, कुठल्या गावचा कुणास ठाऊक, मागे दुकानाची पाटी गुजरातीत होती. दुपारी कमिटीचे दोघं आणि गल्लीतली तीन पोरं त्यांच्या खोलीवर गेली. बॅगा उलट्या केल्या. कपडे, मोबाईलचे चार्जर, एक प्रेशर कुकर, एका वहीत हिशोब. घरमालक म्हणाला, मला डोक्याला ताप नको, संध्याकाळपर्यंत खोली सोडा. सोडली.

रात्री साडेनऊला आमचे माजी चेअरमन गडहिंग्लजहून लग्न उरकून आले. फोन बंद होता दिवसभर. आल्या आल्या म्हणाले, "मोटर मीच काढायला लावली काल रात्री. आवाज करत होती. उद्यमनगरात रिवाइंडिंगला टाकलीय." रात्रपाळीच्या वॉचमनला सांगितलं होतं म्हणे. तो सकाळी सहाला घरी गेला.

ग्रुपवर चार जणांनी हसण्याचे चेहरे टाकले. मग कुणाच्या तरी नातीचा वाढदिवस होता, त्याच्या शुभेच्छा सुरू झाल्या.

मी काही साधूसंत नाही. त्या सत्तर मेसेजांत माझाही एक आहे. "चौकशी तरी करायला हवी." एवढाच. तेवढाच डोक्यातून जात नाही.

त्या आठवड्यात महावीर गार्डनला फिरायला गेलो होतो. तिथं तो पोलिश लोकांचा स्तंभ आहे. पाहुणे आले की आपण छाती फुगवून सांगतो, दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरनं पाच हजार पोलिश लोकांना आसरा दिला. मग हे चौघं का नकोसे झाले? की तेव्हाही कुणाची तरी मोटर हरवली होती आणि आपल्यापर्यंत ती गोष्ट आलीच नाही? जाणकारांनी लिहावं.

---

नादखुळा०९ | रविवार, ११:३२

मोटर सापडली, विषय संपला. एवढा मोठा धागा कशाला? उद्या खरंच चोरी झाली तर कुणाच्या घरात शिरून विचारायचं? लई मानवतावाद नको. शहरात कोण येतंय, कोण जातंय याचा पत्ता नाही कुणाला. हे खरं की खोटं, ते सांगा आधी.

---

फाउंड्रीवाला | रविवार, दुपारी १:०५

शिरोली एमआयडीसीत आपलं युनिट आहे, छोटंसं. मोल्डिंगला निम्मी माणसं बिहार आणि ओडिशाची. ती छठला गावी गेली की भट्टी गार. आपल्या पोरांना बोलवून बघितलंय मी. दोन दिवस येत्यात, तिसऱ्या दिवशी आईचं दुखतंय.

पण एक कबूल करतो. दोन वर्षांपूर्वी एक बिहारी पोरगा वीस हजार उचल घेऊन गेला तो आलाच नाही. हे मी कमीत कमी पन्नास जणांना सांगितलं असंल. चहाच्या टपरीवर, लग्नात, कुठंबी. त्याच वर्षी माझा सुपरवायझर, अस्सल कोल्हापुरी, सहा महिने स्क्रॅप बाहेर विकत होता. नुकसान त्या उचलीच्या चौपट. ते मी आज पहिल्यांदा इथं लिहितोय, कारण तो माझ्या मेव्हण्याचा दोस्त. गप काढून टाकला आणि पगारपण चुकता केला.

तर असं आहे. आपल्यानं चोरलं की ती भानगड, आणि बाहेरच्यानं चोरलं की ती बातमी.

---

जुनी_पानं | रविवार, दुपारी ४:२०

वळिवड्याबद्दल, म्हणजे कोल्हापूरजवळच्या त्या पोलिश छावणीबद्दल विचारलंय म्हणून लिहितो.

हे लोक युरोपातून थेट बोटीनं आले असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही. १९४०-४१ मध्ये सोव्हिएत रशियानं पूर्व पोलंडमधून लाखो माणसं उचलून सैबेरिया आणि कझाकस्तानकडे नेली. जर्मनीनं रशियावर हल्ला केल्यावर, १९४१ च्या जुलैत करार होऊन त्यांची सुटका झाली. मग जनरल आंडर्सच्या पोलिश सैन्याबरोबर १९४२ मध्ये ते इराणमध्ये उतरले. पुरुष बरेचसे लढायला गेले. बायका, मुलं आणि म्हातारे उरले, त्यांना ठेवायचं कुठं हा प्रश्न. नवानगरच्या (आताचं जामनगर) जामसाहेबांनी बालाचडीला सुमारे हजार मुलांची सोय केली, ते प्रसिद्ध आहे. संख्येनं मोठी छावणी मात्र आपली. १९४३ ते १९४८, वळिवडे, सुमारे पाच हजार माणसं. बराकींच्या रांगा, स्वतःच्या शाळा, चर्च, दवाखाना.

आता धाग्यातला प्रश्न. त्यांच्याबद्दल शहराचं मत काय होतं? आपल्याकडे जे सांगितलं जातं ते बहुतेक छावणीत वाढलेल्या मुलांनी म्हातारपणी सांगितलेलं. त्यात पंचगंगा, आंबे आणि शेजारपाजारची माया असते. ते खोटं नाही. पण लहानपणच्या आठवणीत फौजदार सहसा नसतो.

आणखी एक. ते लोक कोल्हापूरच्या कुठल्याच रांगेत उभे नव्हते. खर्च लंडनमध्ये असलेलं पोलिश सरकार सोसत होतं. नोकरी मागितली नाही, दुकान टाकलं नाही, जागा कायमची हवी असं म्हटलं नाही. उलट बाजारात पैसा आणला. मालदाची पोरं कामाच्या रांगेत उभी आहेत. तुलना करताना एवढं धरून करावी.

---

रंकाळ्यावरचा | रविवार, ४:४१

+१. वाचतोय. अवांतर : वॉर्सामध्येही कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधान तिथं गेले होते तेव्हा आमच्या गल्लीत स्टेटसवर स्टेटस. जगात भारी!

---

तिसरी_पिढी | रविवार, रात्री १०:१५

गांधीनगरहून लिहितोय. आडनाव 'आणी' वर संपतं, बाकी ओळखा. मराठीत चुका काढू नका, दहावीला मराठीत ७८ होते.

पोलिश लोक गेले आणि त्याच बराकींत आमचे लोक आले. त्याच खोल्या, त्याच भिंती. फाळणीनंतर सिंधमधून निघालेली माणसं, माझे आजोबा त्यातले. वळिवड्याच्या त्या कॅम्पाचं पुढं गांधीनगर झालं. महावीर गार्डनमध्ये स्तंभ आहे, वळिवड्यातही सप्टेंबर २०१९ मध्ये मोठा कार्यक्रम झाला, पोलंडचे मंत्री आले होते. आम्ही दुकानं बंद करून बघायला गेलो. माझे काका शेजारी उभे राहून म्हणाले, "स्तंभ जाणाऱ्यांचा उभारतात बेटा. राहणाऱ्यांना टॅक्सची नोटीस येते."

हसू आलं तेव्हा. पण खरं आहे ते. जो पाहुणा निघून जातो तो चांगलाच असतो.

आजोबा सायकलवर कापडाचा गठ्ठा टाकून गावोगाव फिरायचे. कागलकडच्या एका गावात त्यांना 'निर्वासित आला' म्हणायचे, नाव कुणी विचारलंच नाही. घरातून भांडं हरवलं की दुसऱ्या दिवशी त्यांचा गठ्ठा सोडून बघायचे. आजोबा स्वतःच सोडून दाखवायचे, आणि वर म्हणायचे, बघा बघा, बघता बघता एखादं पातळ आवडेल. दोन विकली जायची म्हणे. हे ते हसत सांगायचे. आजी हसायची नाही.

आज त्याच गावातले लोक लग्नाचा बस्ता बांधायला आमच्याकडे येतात. चहा घेतात, घासाघीस करतात आणि जाताना मला सांगतात, "शेठ, दुकानात यूपीची पोरं ठेवू नका, चोर असतात."

आणि खरं सांगू? मीही मान हलवतो. गिऱ्हाईक आहे.

---

नादखुळा०९ | रविवार, १०:५०

शेठ, तुमचं वेगळं. तुम्ही आता आपले.

---

तिसरी_पिढी | रविवार, १०:५३

किती वर्षांनी झालो ते सांगा, म्हणजे मालदाच्या पोरांना कळवता येईल.

---

काळा_कोट | सोमवार, सकाळी ९:१२

घाईत आहे, दोनच मुद्दे.

धाग्यात तीन वेगळी माणसं एका पोत्यात भरलीत. मालदाची पोरं ना निर्वासित, ना घुसखोर. भारताचे नागरिक भारतातच कामाला आलेत, घटनेनं दिलेला हक्क आहे तो. पोलिश आणि सिंधी हे निर्वासित, पण दोघांची कायद्यातली जागा वेगळी, सिंधी लोक नागरिकच झाले. तिसरा, विनापरवाना सीमा ओलांडून आलेला परदेशी, त्याच्यासाठी परकीय नागरिकांचा कायदा आहे.

आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदाच नाही. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारतानं सही केलेली नाही. तिबेटी, श्रीलंकेचे तमिळ, प्रत्येकासाठी त्या त्या वेळच्या सरकारी धोरणानं वाट काढली. म्हणून 'निर्वासित' हा शब्द गल्लीत ज्याला जसा हवा तसा वापरता येतो. कुणाची झडती घ्यायचा अधिकार मात्र सोसायटीच्या कमिटीला कुठल्याच कायद्यानं नाही. बॅगा उलट्या केल्या हा गुन्हा होता. त्या दिवशी तुमच्या आवारात झालेला तेवढा एकच.

---

राईनकाठचा_कोल्हापुरी | सोमवार, दुपारी २:३०

मूळ शाहूपुरीचा. २०१२ पासून जर्मनीत, कोलोनमध्ये. हा विषय आम्ही इथं दहा वर्षं खातोय, पितोय, त्यामुळे थोडं लांबेल.

२०१५ साली जर्मनीत जवळपास नऊ लाख लोक आश्रय मागायला आले. आमच्या ऑफिसातली माणसं स्टेशनवर पाण्याच्या बाटल्या आणि टेडी बेअर घेऊन उभी होती. ऑक्टोबरात कोलोनच्या महापौरपदाची निवडणूक. मतदानाच्या आदल्या दिवशी हेन्रिएटे रेकर या उमेदवार बाईंना बाजारात भोसकलं. बाई निर्वासितांच्या निवाऱ्याचं काम बघत होत्या आणि भोसकणारा जर्मन, निर्वासितांवरच्या रागातून. त्या बेशुद्ध असतानाच निवडून आल्या.

आणि त्यानंतर ती ३१ डिसेंबरची रात्र. कॅथेड्रल आणि मुख्य स्टेशनच्या मधल्या चौकात शेकडो तरुणांची गर्दी, बायकांना घेरून अंगाला हात, पाकिटं आणि मोबाईल लंपास. हजाराहून जास्त तक्रारी नोंदल्या गेल्या, त्यात शेकडो लैंगिक अत्याचाराच्या. संशयितांत मोठा भाग उत्तर आफ्रिकेतून आलेल्यांचा. हे घडलं. कुणी 'अफवा' म्हणालं तर मी भांडेन, माझ्या टीममधली एक मुलगी त्या रात्री तिथं होती.

पण खरा घोळ पुढचा. १ जानेवारीला सकाळी पोलिसांनी पत्रक काढलं की रात्र बहुतांशी शांततेत गेली. तीन-चार दिवसांनी सगळं बाहेर आलं. पोलीसप्रमुखांना आठवड्याभरात घरी पाठवलं. त्या पत्रकानं जेवढं नुकसान केलं तेवढं कुठल्याच भाषणानं केलं नसेल. लोक म्हणायला लागले, यांनी हे लपवलं, मग अजून काय काय लपवलं असेल? त्यानंतर आकडा खरा सांगा नाहीतर खोटा, लोकांनी आपला आकडा मनाशी ठरवलेला.

आकड्यांचंही ऐका. इथली पोलीस आकडेवारी संशयितांची असते, शिक्षा झालेल्यांची नाही. त्यात परदेशी माणसाचं प्रमाण मोठं दिसतं. पण विनापरवाना राहणं हा गुन्हा जर्मन माणूस करूच शकत नाही, तो त्यात धरला की फुगतो. पर्यटक आणि सीमेपलीकडून येणाऱ्या टोळ्यासुद्धा 'परदेशी' मध्ये. आणि आलेल्यांत तरुण पुरुष जास्त. जगातल्या कुठल्याही गावात मारामाऱ्या तरुण पुरुषच करतात, आपल्या पेठांत काय म्हाताऱ्या करतात का?

एवढं वजा करूनसुद्धा थोडं उरतं, तेही सांगतो. पण ते सगळ्यांत सारखं नाही. युद्धातून आलेले सीरियन, ज्यांना कागद मिळण्याची आशा होती, ते त्यांच्या संख्येच्या मानानं गुन्ह्यात कमी दिसले. ज्यांना परत पाठवणार हे ठरलेलं, काम करायला परवानगी नाही, वर्षानुवर्षं होस्टेलात बसून, त्यांच्यात जास्त. म्हणजे कुठून आला यापेक्षा आल्यावर त्याला कुठं ठेवलं, याला वजन.

मला स्वतःला इथं ट्रॅममध्ये दोनदा 'घरी जा' ऐकायला मिळालंय. मी त्याला इंग्रजीत सांगितलं की मी इंजिनिअर आहे. नंतर लाज वाटली. इंजिनिअर नसतो तर काय त्याचं बरोबर होतं?

---

नादखुळा०९ | सोमवार, २:५८

बघा, म्हणजे होतंच ना काहीतरी. शेवटी कबूल केलंच की.

---

राईनकाठचा_कोल्हापुरी | सोमवार, ३:१०

कबूल करायला मी लपवलं कधी होतं, भावा? पूर्ण वाच एकदा. तुझ्या कामाच्या चार ओळी तेवढ्या उचलल्यास.

---

हवालदार_निवृत्त | सोमवार, रात्री ८:४५

जिल्ह्याचं नाव सांगत नाही. एकतीस वर्षं नोकरी केली.

घरफोडी झाली की आम्ही काय करतो? पहिलं, कुलूप कसं तोडलं ते बघायचं. प्रत्येकाची पद्धत असते. कटावणीवाला खिडकी काढत नाही. मग परिसरातले रेकॉर्डवरचे सराईत, नुकतं जामिनावर कोण सुटलंय. मग घरात येणारं-जाणारं कोण, टिप कुणी दिली. घर बंद आहे आणि दागिने कपाटात आहेत हे लांबून आलेल्याला कसं कळणार? माझ्या अनुभवात टिप देणारा नव्वद टक्के जवळचा. हा सरकारी आकडा नाही, माझा आहे.

बाहेरच्या टोळ्या नाहीत असं म्हणणार नाही. आहेत. हायवेवरून रात्रीत येऊन चार घरं फोडून सकाळी दुसऱ्या राज्यात. पण त्या टोळ्या सोसायटीशेजारी खोली घेऊन दिवसभर फरशा बसवत नाहीत.

घरमालकांना हात जोडून सांगत होतो, भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्या. देत नाहीत. का? भाडं लपवायचं असतं. आणि काही झालं की तोच मालक पुढं, "साहेब, हे बाहेरचे लोक..."

आता जे लिहितोय ते नोकरीत असताना लिहिलं नसतं. रात्री संशयावरून चार पोरं आणली. दोन गावातली, दोन परप्रांतातली. गावातल्यांसाठी अर्ध्या तासात फोन येतो. तालमीचा वस्ताद, नगरसेवक, कुणाचा तरी मामा. परप्रांतीयाचा फोन कुणाला लागत नाही, लागला तर भाषा कळत नाही. सकाळी स्टेशन डायरीत कुणाची नावं राहतात? मग पेपरला छापून येतं, 'परप्रांतीय ताब्यात'. त्या बातमीवरून तुम्ही मत बनवता आणि तुमच्या मतावरून आमच्यावर दबाव येतो. असं ते गोल फिरतं. मी त्यात होतो.

---

आकडेमोड | सोमवार, ९:३०

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या तुरुंगांच्या अहवालात कैदी कुठल्या राज्याचा ते दिलेलं असतं. मोठा हिस्सा त्याच राज्यातल्यांचा. हे एकदा लोकांना दाखवा, तोंडं बंद होतील.

---

फाउंड्रीवाला | सोमवार, ९:४७

अहो, राज्यात राहणारी बहुतेक माणसं त्याच राज्यातली, मग तुरुंगात कोण असणार? न्यूझीलंडचे? बाहेरचे किती राहतात आणि त्यातले किती आत गेले, ते सांगा. बाजू बरोबर असली म्हणून हिशोब कच्चा चालत नाही.

---

आकडेमोड | सोमवार, ९:५५

मान्य. मुद्दा मागे.

---

उत्तरेश्वरची_सून | मंगळवार, सकाळी ७:२०

मी रोज वाचतो पण लिहीत नाही. (हो, मी बाईच आहे. आमच्याकडं बायका 'मी जातो, मी येतो'च म्हणतात. पुण्याच्या सभासदांनी प्रश्न विचारू नयेत.)

सगळे पुरुष आकड्यांवर बोलायला लागलेत. मला नाईट करून स्टँडवरनं घरी यायला रात्रीचे अकरा वाजतात. कोपऱ्यावर दहा-बारा अनोळखी पुरुष बसलेले असले की मी रस्ता बदलतो. ते बिहारचे असोत, बेळगावचे असोत नाहीतर तालमीतले. आजपर्यंत अंगावर गाडी घातली ती एकदाच, आणि त्या गाडीवर आपल्याच पेठेतल्या मंडळाचा स्टिकर होता. पण भीती वाटली की लगेच मला 'तू भेदभाव करतेस' म्हणू नका. भीती माझी आहे. तिच्या नावावर दुसऱ्याच्या बॅगा उलट्या करायला मी कुणाला सांगितलेलं नाही, एवढंच.

दुसरं. पोरं पळवणारी टोळी आली, असा मेसेज दरवर्षी फिरतो. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्यात त्यावरून पाच जणांना ठेचून मारलं. भिक्षा मागून जगणारे डवरी गोसावी, आपल्याच राज्यातले. २०२२ ला आपल्या शेजारी, जत तालुक्यात लवंग्याला, साधूंना मारहाण केली. ते देवदर्शनाला निघालेले आणि रस्ता विचारत होते.

आणि खरोखर पोरं पळवून त्यांचे जीव घेणाऱ्या कोण होत्या? अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुली. १९९६ ला पकडल्या. खटला आपल्याच कोल्हापुरात चालला, अंजनाबाई त्याआधीच तुरुंगात वारली, दोघी मुलींना २००१ ला फाशी सुनावली, २०२२ ला हायकोर्टानं ती जन्मठेपेवर आणली. माझी सासू अजून अंबाबाईच्या देवळात नातवाचा हात सोडत नाही ते त्या बायकांमुळं. मराठी बोलणाऱ्या, नऊवारी-सहावारी नेसणाऱ्या बायका होत्या त्या. गर्दीत त्यांच्याकडं कुणी वळून बघितलं नसतं, तेच त्यांचं हत्यार होतं.

---

जुनी_पानं | मंगळवार, दुपारी १२:१५

उत्तरेश्वरच्या ताईंनी डवरी गोसाव्यांचा विषय काढला म्हणून.

जन्मानं चोर ही कल्पना इंग्रजांनी १८७१ मध्ये कायद्यातच घातली. काही जमातींची यादीच केली. जन्मला की गुन्हेगार. गाव सोडायचं तर परवाना, रोज हजेरी. सोलापूरला तारेच्या कुंपणात वस्ती होती. कायदा १९५२ मध्ये गेला आणि यादीतले 'विमुक्त' झाले. पारध्याच्या पालावर पोलिसांची गाडी आजही कुठल्या कागदाच्या जोरावर जाते ते आपल्याला माहीत आहे.

कोल्हापूर संस्थानातही हजेरी होती. महार, मांग, रामोशी, बेरड. गावात चोरी झालेली असो वा नसो, पाटलाच्या पुढ्यात उभं राहायचं. परगावी पाहुण्याकडं मुक्काम केला तरी गुन्हा. शाहू महाराजांनी १९१८ मध्ये ही हजेरी बंद केली. फासेपारध्यांना तर त्यांनी पहाऱ्याच्या कामावर ठेवलं. ज्यांच्या नावानं लोक दाराला कडी लावत होते, त्यांच्याच हातात राखण दिली.

आपण दर २६ जूनला दसरा चौकात हार घालतो. पंचगंगाकाठ यांच्या सोसायटीतूनही कुणीतरी जात असेलच.

---

पंचगंगाकाठ | मंगळवार, १२:४०

जातात. बॅगा उलट्या करणाऱ्यांतले एक दरवर्षी जातात.

---

संपादक मंडळ | मंगळवार, दुपारी ३:००

दोन प्रतिसाद उडवले आहेत. जून २०२३ मध्ये एका स्टेटसवरून शहरात काय झालं आणि इंटरनेट बंद ठेवावं लागलं, ते सर्वांना आठवत असेल. धर्मावर घसरलात तर धागा वाचनमात्र करू.

---

नादखुळा०९ | मंगळवार, रात्री ११:३५

उडवलेल्यातला एक माझा होता. असू दे.

एक सांगतो, पण याचा अर्थ मी तुमच्या बाजूला आलो असा काढू नका.

मी मूळ चिखलीचा. नदीकाठचं गाव. २०१९ च्या ऑगस्टात धोक्याची पातळी ४३ फूट, आणि पाणी ५५ च्या वर गेलं. आमच्या माडीला पाणी. मी, आई, भाऊ, वहिनी आणि तिचं तीन महिन्याचं पोर. म्हशी सोडून दिल्या. शहरात एका हॉलमध्ये आमची सोय केली. लोकांनी लई केलं, खोटं बोलणार नाही. भाकरीच्या चळती यायच्या, अंथरुणं, लुगडी. कोल्हापूर ते कोल्हापूर.

सातव्या दिवशी हॉलशेजारच्या बंगल्यातनं गॅसची टाकी गेली. दुपारी एक माणूस आला, स्वयंसेवकच होता, रोज आम्हाला चहा देणारा. आमच्या अंथरुणांजवळनं सावकाश चालत गेला. काही बोलला नाही. फक्त खाली बघत गेला. आई उठली आणि तिनं स्वतःहून आमचं गाठोडं सोडून ठेवलं. त्यानं "अहो आजी, असं नाही" म्हटलं. पण बघितलं त्यानं.

आम्ही दहा किलोमीटरवरनं आलेलो. त्याचीच भाषा, त्याचीच नदी. आई त्या गाठोड्याचं कुणाला सांगत नाही. मीबी आजच लिहितोय.

तरीपण माझं म्हणणं तेच आहे. भाडेकरूची नोंद झालीच पाहिजे. कोण कुठला हे पोलिसाला माहीत पाहिजे.

---

हवालदार_निवृत्त | बुधवार, सकाळी ६:१०

नोंद झालीच पाहिजे. त्यात माझं-तुमचं दुमत नाही. नोंद पोलिसानं करायची आणि गाठोडं कुणी सोडायचं नाही. आईंना नमस्कार सांगा.

---

रंकाळ्यावरचा | बुधवार, ८:३०

दर हिवाळ्यात स्वेटर विकायला तिबेटी लोक येतात की. पक्के निर्वासित, मुंडगोडसारख्या कॅम्पांतून येतात. त्यांच्यावर कधी कुणी आळ घेतल्याचं आठवत नाही. का असेल?

---

तिसरी_पिढी | बुधवार, ८:३४

फेब्रुवारीत जातात.

---

उत्तरेश्वरची_सून | बुधवार, ९:०५

पंचगंगाकाठ, एक राहिलं. त्या दोन फ्लॅटच्या फरशीचं काय झालं? आणि ती पोरं आहेत कुठं? तीन दिवस झाले, शंभर ओळी लिहिल्या सगळ्यांनी, कुणी फोन केला का त्यांना?

---

पंचगंगाकाठ | बुधवार, रात्री ९:५०

फरशी अर्धीच आहे. एका फ्लॅटमध्ये हॉल झाला, स्वयंपाकघर राहिलं. दुसरा मिस्त्री दुप्पट मागतोय.

तुमचा प्रतिसाद वाचून आज दुपारी फोन केला. नंबर माझ्याकडं होता, पाण्यासाठी येणाऱ्या त्या पोराचा. तीनदा उचलला नाही. चौथ्यांदा उचलला. सावंतवाडीला आहेत चौघं, एका हॉटेलचं काम मिळालंय. मी चुकलो म्हटलं. तो म्हणाला, "ठीक है काका." परत या, काम पूर्ण करा, पैसे आधी देतो म्हटलं. त्यावर काही बोलला नाही. मागं कटरचा आवाज येत होता.

मग म्हणाला, काका, हमारा एक मार्बल कटर उधर रह गया है, वॉचमन के केबिन में. घाईत राहिलं. इथं भाड्यानं घेतलंय, रोजचे दोनशे जातात. कुणाच्या हातनं पाठवता येईल का?

जाऊन बघितलं. आहे केबिनमध्ये, गोणपाटात गुंडाळलेलं. ब्लेड नवीन आहे. एसटीच्या पार्सलला टाकायला भीती वाटते, त्यात आणखी काही झालं तर. शनिवार-रविवारी सावंतवाडीकडं कुणी जाणारं आहे का?

---

नादखुळा०९ | बुधवार, १०:०२

शनिवारी पहाटे पाचला निघतोय, वेंगुर्ल्याला. आंबोलीमार्गे. गाडीत जागा आहे. कुठून घ्यायचं ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आणि त्या पोराचा नंबर पाठवा, हॉटेल कुठलं ते विचारून ठेवतो.